गोळीचं आडनाव

"दोन महिने झाले, खोकला हटत नाही. तिसरी बाटली संपली. जरा कडक काहीतरी द्या."

मेडिकलच्या काउंटरवर अशी मागणी नेहमीची. पण मुरलेला फार्मासिस्ट बाटलीकडे हात नेण्याआधी विचारतो, "काका, बीपीची गोळी कुठली चालू आहे?" काका खिशातून अर्धवट संपलेली स्ट्रिप काढतात. त्यावर 'रामिप्रिल' दिसलं, की फार्मासिस्टची मान हलते.

आपल्याकडे आडनावात 'कर' आला, की त्याच्या आधी गाव सापडतं. औषधांच्या मूळ नावांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या नामकरण पद्धतीत एका जातीच्या औषधांना एकच शेपूट लावतात. 'प्रिल', 'सार्टान' आणि 'डिपिन' बीपीवाले, 'वास्टॅटिन' कोलेस्टेरॉलवाले, 'ग्लिप्टिन' मधुमेहाचे. कंपनीचं ब्रँडनाव काहीही असो, आडनाव बदलत नाही. माझं मत विचाराल तर डी. फार्म.च्या पहिल्याच आठवड्यात ही शेपटं पाढ्यांसारखी घोकून घ्यावीत.

आता काकांचा 'प्रिल'. या घराण्याचं मूळ ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापात आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. शास्त्रज्ञ सर्जिओ फरेरा यांनी १९६०च्या दशकात दाखवलं, की ब्रॅडिकायनिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या पदार्थाचा परिणाम या विषामुळे वाढतो. शरीरातलं एक एन्झाइम एका हाताने रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन-२ तयार करतं आणि दुसऱ्या हाताने ब्रॅडिकायनिन मोडतं. विषाच्याच धर्तीवर त्या एन्झाइमला अडवणारी कॅप्टोप्रिल ही गोळी १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. दोन्ही हात बांधले गेले, रक्तदाब उतरला. पण न मोडलेलं ब्रॅडिकायनिन श्वासमार्गात साठतं आणि घसा खवखवत राहतो. हा कोरडा खोकला गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उपटतो. कफ सिरपच्या बाटल्या रिचवून तो जायचा कसा? डॉक्टर अशा वेळी बहुधा 'सार्टान' देतात. ते एन्झाइमच्या वाटेला न जाता अँजिओटेन्सिनची पुढची जागा अडवतं, त्यामुळे खोकल्याचा त्रास क्वचितच होतो.

बीपीच्याच 'ओलॉल' घराण्याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरतो म्हणून कुणाला प्रोप्रॅनोलॉल दिलेलं असतं. तोच माणूस दम्याचा पंप मागायला आला तर? पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेतल्या ज्या जागी बसून ती मोकळी करतं, तीच जागा प्रोप्रॅनोलॉल अडवून बसतं. इथे पंप देऊन मोकळं होणं पुरेसं नाही, आधी डॉक्टरांना फोन करायला हवा.

आडनाव फसवतंही, हे खरं. पँटोप्राझोल ॲसिडिटीची गोळी आहे. पण ॲरिपिप्राझोल मानसिक आजारावर देतात. त्याचं शेपूट 'पिप्राझोल', म्हणजे घराणंच वेगळं. घाईत एवढंसं 'पि' नजरेतून निसटतं.

काकांना फार्मासिस्टने शेवटी सिरप दिलंच नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा, एवढं बजावलं. शिवाय दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला आपल्या देशात टीबीसाठी तपासायचाच असतो. 'प्रिल' सापडला म्हणून ती तपासणी टळत नाही.

आणि आपल्यासाठी एक विनंती. सुट्या गोळ्या घेताना कात्रीने स्ट्रिप कापली जाते, आणि मूळ नाव नेमकं दुकानातल्या तुकड्यावर राहतं. तसं झालं तर ते नाव बिलावर किंवा पाकिटावर लिहून मागा.