चावी फिरते, सेल्फ फिरत नाही

हुतात्मा बाबू गेनूंच्या महाळुंगे पडवळहून नारायणगावच्या द्राक्षपट्ट्याकडे निघालं, की छोटा ट्रॅक्टर भेटतोच. व्हीएसटीचा १८.५ अश्वशक्तीचा एमटी १८०डी तीन सिलिंडरचा, महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा युवराज एका सिलिंडरचा. वेलींच्या दोन ओळींमधून फवारणीचा ब्लोअर ओढावा तो यांनीच. ही यंत्रं जुनी झाली की इंजिनाआधी वायरिंग थकतं, आणि दोष न शोधताच सेल्फ बदलला जातो.

हे इंजिन डिझेलचं. त्याला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं. जुन्या यंत्रात चावी मुख्यतः सेल्फ मारते आणि दिवे, मीटर यांना करंट देते. म्हणून उतारावर ढकलूनही ट्रॅक्टर सुरू होतो आणि वायरिंगचा दोष महिनोन्महिने झाकून राहतो.

शोध बॅटरीपासून सुरू करावा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर आधी बॅटरी तपासून घ्यावी. बॅटरी ठीक असूनही सेल्फ मुका असेल, तर सोलेनॉइडच्या बारीक वायरला टेस्ट लॅम्प लावून कोणाला तरी चावी फिरवायला सांगावं. दिवा पेटला नाही तर दोष फ्यूज, चावी किंवा क्लचच्या स्विचमध्ये. दिवा पेटतो, ‘कट’ आवाजही येतो, पण सेल्फ फिरत नाही, तर जाड वायर, सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट आणि अर्थिंग बघायचं.

अर्थिंगकडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते बॅटरीनंतर सर्वांत आधी तेच बघायला हवं. सेल्फला गेलेला सगळा करंट इंजिनाच्या अंगातून आणि अर्थच्या पट्टीतून बॅटरीकडे परततो. पट्टीखाली गंज किंवा रंग असला की वाट अडते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर सेल्फ खोलायची घाई नको. आधी पट्टी साफ करावी.

द्राक्षबागेत वायरिंग बिघडायला आणखी एक कारण आहे. केवडा रोगावर मारलेल्या मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे तुषार ट्रॅक्टरवरही बसतात. टर्मिनलवर हिरवट थर धरतो, ओल आत शिरते, आणि वरून धडधाकट दिसणारी वायर आतून काळी पडते. वायर वाकवून बघावी; जिथे ती जास्तच मऊ किंवा कडक लागते, तिथे सोलून तांबं पाहावं. पावसाळ्यात शेडमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही अशाच हाताला लागतात.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नये: स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे खांब जोडून सेल्फ मारणं. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर जागेवरून उडी घेतो आणि समोरच्या माणसाला चिरडतो. क्लचचा स्विच तोडून थेट जोडलेल्या वायरीनेही तोच धोका येतो.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फवारण्या दम घेऊ देत नाहीत. त्याआधी अर्थची पट्टी काढा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. काम अर्ध्या तासाचं आहे.