एक, दोन, एकतीस

सकाळी 6.40

बार्शी अजून अंधारात आहे. डिसेंबरची 10 तारीख, हवेत गारठा. मॅडम क्लासच्या शटरला दोन्ही हात लावतात, गुडघ्यानं रेटा देतात, शटर वर जातं. आत आठ कॉम्प्युटर. सगळे जुन्या बाजारातले, एकेक 11,000 ला पडलेला. आधी केरसुणी, मग ओलं फडकं. कीबोर्ड पुसताना एक गोष्ट दिसते. वरच्या ओळीतल्या एफ-5, एफ-6 आणि एफ-8 वरची अक्षरं उडून गेलीत. शेजारची बटणं मात्र नव्यासारखी. देणं, घेणं आणि विक्री. या तीन बटणांवर क्लास चालतो.

सकाळी 7.00

पहिली बॅच. आठ जण, त्यातल्या पाच मुली. दोघी वैरागहून एसटीनं आल्यात, अर्ध्या तिकिटात. पूर्ण तिकीट असतं तर रोज येणं जमलं नसतं, त्या सरळ सांगतात.

मशीन सुरू होतात. टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं. परवाना आहे का, असं ते विचारतं. मुलं शिकाऊ पद्धतीचा पर्याय निवडतात. वरच्या कोपऱ्यात नावाशेजारी 'इडीयू' ही तीन अक्षरं येतात. पैसे लागत नाहीत. मुदत संपत नाही. खाती काढा, माल चढवा, जीएसटी लावा, ताळेबंद बघा.

7.25

मी मागच्या खुर्चीवर बसलोय. पुढची मुलगी एफ-2 दाबते, 5 ऑक्टोबर लिहिते, एंटर मारते. तारीख पुढे सरकत नाही. परत लिहिते. परत तेच.

"मॅडम, तारीख घेत नाही."

"एक, दोन, नाहीतर एकतीस. दुसरी घेणार नाही."

फुकटच्या टॅलीतली मोठी गोम ही. महिन्याची 1, 2 आणि 31 एवढ्याच तारखांना नोंद होते. मॅडमनी त्यासाठी सरावाची अख्खी वही नव्यानं लिहून काढली आहे. वहीतल्या दुकानाचं भाडं 1 तारखेला जातं, माल 2 ला येतो, पगार, वसुली आणि बँकेचं व्याज 31 ला. शिकायला तेवढं पुरतं. नावे आणि जमा कळायला तीन दिवस काय, एक दिवसही पुरे. पण खरं दुकान यावर एक आठवडासुद्धा चालणार नाही. ज्यानं कुणी या तीन तारखा ठरवल्या, त्याला शाळा आणि दुकान यांतला फरक नेमका कळला होता. मला हे हिशेबी डोकं मनापासून आवडलं.

8.10

मॅडम पाच मिनिटं गोष्ट सांगतात. दर बॅचला सांगतात. बेंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना माल पुरवायचे. हिशेबासाठी त्यांना मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना. मग मुलाला, भरतला, सांगितलं, तूच लिही. 1986 ची गोष्ट. भरत गोएंकांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. "दुकानदाराच्या घरात जन्मलेलं सॉफ्टवेअर आहे हे," मॅडम म्हणतात, "म्हणून दुकानदाराला कळतं."

9.40

दुसरी बॅच सुटली. फीची वही उघडते. दोन महिन्यांचे 4,000. एक मुलगा 500 देतो, बाकीचे संक्रांतीनंतर. मॅडम पेन्सिलनं लिहून घेतात. विजेचं बिल 3,800 आलंय, ते टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

11.00

सिमेंट-सळईचं दुकान. इथं मॅडम दुपारभर हिशेब लिहितात, महिना 7,500 वर. टेबलावर गाड्यांच्या पावत्यांची चळत, वर वजन म्हणून सळईचा वीतभर तुकडा. त्या एफ-9 दाबतात, मग एफ-2, आणि लिहितात 9 डिसेंबर. तारीख बसते. काल उतरलेला सिमेंटचा ट्रक, 18 टक्के कर, हमाली वेगळी. कंट्रोल-ए. पुढची पावती.

या मशीनवर 'इडीयू' नाही. परवान्याचं बिल फायलीत आहे. 22,500, वर जीएसटी, एकूण 26,550. मॅडमचा साडेतीन महिन्यांचा पगार. क्लासातल्या आठही मशीनना असा एकेक परवाना घ्यावा लागला असता, तर मशीनपेक्षा सॉफ्टवेअर दुपटीहून महाग पडलं असतं आणि क्लास उघडलाच नसता.

शेठना मी विचारलं, हेच का घेतलं?

शेठ गल्ल्यातल्या नोटा मोजत होते. मोजून झाल्यावर बोलले. "मी कुठं निवडलं? आधीचा दिवाणजी गेला. माणूस शोधायला लागलो. जो येईल तो म्हणायचा, शेठ, टॅली येतं. सहा जण आले, सहाही जण तेच म्हणाले. मग माणसाला जे येतं तेच घेतलं."

1.30

डबा. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कांदा. पंधरा मिनिटं.

2.15

सीएच्या ऑफिसातून फोन. नोव्हेंबरची विक्री उद्यापर्यंत भरायची आहे, 11 ही शेवटची तारीख. त्यांनी दोन मेल केलेत, पोचलेले नाहीत. मॅडम दुकानाचं जीमेल उघडतात. 15 जीबी फुकट जागा पूर्ण भरलीय. नऊ वर्षांच्या पावत्या, ट्रकच्या नंबरांचे फोटो आणि शेठच्या फोनमधून आपोआप चढलेले नातवाचे जावळापासूनचे फोटो.

"जुनं काढू का?"

"नको, ताई. कधी कुठला कागद लागेल सांगता येत नाही. महिन्याला किती म्हणतात?"

"130."

शेठ फोन पुढे करतात. 100 जीबी मिळाले. थोड्या वेळानं सीएच्या ऑफिसनं परत पाठवलेला मेल येतो. नऊ वर्षं जिथं कागद ठेवले, तिथून बिऱ्हाड हलवायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नाही.

4.00

नोव्हेंबरचा मेळ. एका बिलात गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबराचा एक आकडा चुकलाय. तो सापडायला पाऊण तास गेला. मॅडम पट्टी ठेवून ओळ ओळ वाचतात, ओठ हलतात, आवाज नाही.

सायंकाळी 6.00

संध्याकाळची बॅच. एका मुलानं जुना लॅपटॉप आणलाय. घरी सराव करायचाय. टॅली उतरवून घ्यायला पैसे पडतील का, तो दबकत विचारतो. नाही म्हटल्यावर खांदे सैल होतात. मॅडम स्वतः बसून बसवून देतात.

7.10

दारात एक मुलगी उभी आहे, हातात पेढ्यांचा पुडा. दिवाळीआधीच्या बॅचची. टायरच्या दुकानात लागलीय, 9,000 वर. आज आठवा दिवस.

"मॅडम, आमच्या शेठचं सगळं अजून वहीतच आहे. मी म्हटलं, टॅली घ्या, मला येतं. ते विचारतायत, कुठून घ्यायचं? महिन्याच्या भाड्यानं का कायमचं?"

मॅडम फीच्या वहीचं मागचं पान फाडतात, विक्रेत्याचा नंबर लिहितात, खाली दुकानाचा पत्ता. यात त्यांना काही मिळतं का, मी विचारतो. त्या नुसती मान हलवतात. नाही.

"तोवर तू काय करतेस?"

"शेठच्या कॉम्प्युटरवर शिकाऊच टाकलंय, दाखवायला. काल त्यांच्यासमोर खरं बिल करून बघितलं. 9 तारीख टाकली, घेईना." मुलगी हसते. "शेठ म्हणाले, अगं, मग उद्याच आणू की."

मॅडम पेढा अर्धा मोडतात. अर्धा माझ्या हातावर. मग आतल्या मुलाकडे वळतात. त्याच्या लॅपटॉपवर पहिली नोंद थांबलीय.

"कितवी टाकलीस?"

"आजची, मॅडम. दहा."

"एक टाक."