ॲपचा सातबारा कोणाच्या नावावर?

एखाद्या मिठाईवाल्याने, शिकवणी वर्गाने किंवा पतसंस्थेने स्वतःचे मोबाइल ॲप काढणे आता अप्रूपाचे राहिलेले नाही. हे काम साधारणतः एकाच रीतीने होते. ओळखीतल्या संगणक अभियंत्याला वा छोट्या कंपनीला कंत्राट दिले जाते, रंगसंगती आणि बोधचिन्ह यांवर दोन-तीन बैठका होतात, पैशांची घासाघीस होते आणि काही महिन्यांत ॲप ग्राहकांच्या फोनवर दिसू लागते. या साऱ्या धांदलीत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्या खात्यातून ॲप प्रसिद्ध झाले, ते खाते कोणाचे? अभियंत्याशी बिनसले, तो परदेशी गेला अथवा त्याची कंपनी बंद पडली, की मगच हा प्रश्न पुढे येतो. घर बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या नावावर सातबारा चढवण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. ॲपच्या बाबतीत मात्र तो सर्रास घडतो.

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलचे अँड्रॉइड मार्केट आले, मार्च २०१२ मध्ये त्याचे नाव गुगल प्ले झाले. या दोन्ही दुकानांत माल मांडायचा तर ‘डेव्हलपर’ म्हणून खाते उघडावे लागते. गुगल त्यासाठी एकदाच २५ डॉलर घेते. ॲपलची वर्गणी वर्षाला ९९ डॉलर असून ती दरवर्षी भरावी लागते. वर्गणी थकली तर ज्यांच्या फोनवर ॲप आहे त्यांचे चालू राहते, पण नव्या ग्राहकाला ते दुकानात सापडत नाही आणि सुधारित आवृत्तीही देता येत नाही. म्हणजे खाते अभियंत्याचे असेल आणि त्याने एक वर्ष पैसे भरले नाहीत, तर मिठाईवाल्याचे ॲप विनासूचना दुकानाबाहेर जाऊ शकते.

खाते व्यक्तीच्या नावाने उघडता येते किंवा संस्थेच्या. येथे आपल्याकडील छोट्या व्यावसायिकांची पहिली अडचण होते. संस्थेच्या खात्यासाठी ॲपलला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व असलेली संस्था लागते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चालते, एलएलपी चालते. पण दुकानाच्या पाटीवरचे नाव, ते कितीही जुने आणि नावाजलेले असो, चालत नाही. एकट्या मालकाचा व्यवसाय ॲपलच्या दृष्टीने ‘व्यक्ती’च ठरतो आणि ॲपखाली मालकाचे कायदेशीर नाव झळकते. गुमास्ता परवाना असला तरी यात फरक पडत नाही. शिवाय संस्थेला ‘डन्स’ क्रमांक लागतो. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी देत असलेला हा नऊ आकडी क्रमांक, गुगलही २०२३ पासून नव्या संस्था-खात्यांकडे मागू लागले आहे. तो या कामासाठी मोफत मिळतो. मात्र त्यातील नाव-पत्ता आणि नोंदणीच्या कागदपत्रांतील नाव-पत्ता तंतोतंत जुळावा लागतो. कार्यालय हलवले आणि नोंद बदलली नाही, एवढ्यावरून अर्ज अडकून पडतो. आर्थिक सेवा देणाऱ्या ॲपला तर गुगल संस्थेचेच खाते बंधनकारक करते, हे पतसंस्थांनी आधीच ध्यानात घेतलेले बरे.

व्यक्तिगत खाते सोपे वाटते, पण त्याच्याही दोन अटी आहेत. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या अशा खात्यातून गुगलवर ॲप प्रसिद्ध करण्याआधी, ठरावीक लोकांकडून ते सलग १४ दिवस वापरून घ्यावे लागते. आरंभी ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ करण्यात आली. दिवाळीच्या मुहूर्तावर ॲप आणू पाहणाऱ्याने हे दोन आठवडे पंचांगात आधीच धरावेत. दुसरे असे, की ॲपमधून गुगलवर कमाई होत असेल तर व्यक्तिगत खातेदाराचा पूर्ण पत्ता दुकानात जाहीर दिसतो. घरातूनच व्यवसाय करणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही.

हा सगळा व्याप नको म्हणून अनेक कंत्राटदार ‘आमच्याच खात्यातून टाकतो’ असे सुचवतात आणि ग्राहकही सुटकेचा नि:श्वास टाकतो. येथेच घात होतो. अशा एका खात्यात दहा-वीस ग्राहकांची ॲप असतात. त्यांपैकी एखाद्याने नियम वारंवार मोडले आणि गुगलने ते खाते रद्द केले, तर बाकीच्या निरपराधांचीही ॲप त्यासोबत जातात. ॲपलची नियमावली याबाबत अधिक स्पष्ट आहे. तयार साच्यातून काढलेले ॲप ते ज्याच्या व्यवसायाचे आहे त्यानेच सादर करावे, कंत्राटदाराने परस्पर सादर केल्यास ते नाकारले जाईल, असे ती सांगते.

योग्य रीत अशी, की खाते मालकाने उघडावे आणि अभियंत्याला त्यात मर्यादित अधिकार द्यावेत. दोन्ही दुकानांत तशी सोय आहे. परवलीचा शब्द कोणाला सांगावा लागत नाही आणि काम संपले की अधिकार काढून घेता येतात. खात्याचा ई-मेल पत्ताही संस्थेचा असावा, कोणा कर्मचाऱ्याचा खासगी नव्हे. दुहेरी पडताळणीचा सांकेतिक क्रमांक ज्या मोबाइलवर येतो, तो नोकरी सोडून गेलेल्या व्यवस्थापकाचा निघाला तर मालक आपल्याच दारात उभा राहतो.

किल्ली हरवली तर?

प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर एका गुप्त किल्लीची अंकीय सही असते. ग्राहकाच्या फोनवर आधीच असलेल्या ॲपची नवी आवृत्ती आली, की फोन आधी सही जुळते का ते पाहतो. ती जुळली नाही तर नवी आवृत्ती नाकारतो. बनावट आवृत्ती खऱ्याच्या जागी बसू नये म्हणून केलेली ही उत्तम व्यवस्था आहे. पण तिची दुसरी बाजू कठोर आहे. पूर्वी ही किल्ली म्हणजे अभियंत्याच्या संगणकातील एक छोटी फाइल असे. संगणक बिघडला आणि फाइल गेली, की ॲप कायमचे गोठत असे. मग नव्या नावनोंदणीने नवे ॲप काढायचे, जुने अभिप्राय आणि तारांकने सोडून द्यायची आणि प्रत्येक ग्राहकाला ‘जुने काढा, नवे घ्या’ अशी विनवणी करायची, एवढाच मार्ग उरे.

ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपची मूळ किल्ली गुगल स्वतःकडे सांभाळते. अभियंत्याकडे असते ती केवळ ॲप चढवण्याची दुय्यम किल्ली, आणि ती हरवली तर बदलून मिळते. मात्र तशी मागणी खात्याच्या मालकालाच करता येते, म्हणजे गाडे पुन्हा तेथेच येते. त्याआधीची ॲप ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी आपली किल्ली कोठे आहे याची चौकशी आजच केलेली बरी. आयफोनवर सूचना पाठवण्यासाठी लागणारी किल्ली वेगळी असते. ॲपल ती एकदाच उतरवून घेऊ देते, तेव्हा तिचीही प्रत मालकाकडे हवी.

क्लाउडचे बिल

दुकानात दिसते ते केवळ ॲपचे दर्शनी अंग. ग्राहकांची नावे, मागण्या, छायाचित्रे हे सारे दूरवरच्या भाड्याच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर असते. छोट्या ॲपसाठी बहुतेक अभियंते फायरबेस पसंत करतात. २०१४ मध्ये गुगलने विकत घेतलेल्या या सेवेची सुरुवातीची योजना फुकट आहे. तिच्या फायरस्टोअर या माहितीकोशात रोज ५० हजार नोंदी वाचता येतात आणि २० हजार लिहिता येतात.

हे आकडे मोठे वाटतात, पण हिशेब करून पाहावा. मिठाईवाल्याच्या यादीत २०० पदार्थ असतील आणि ॲप उघडताच सगळी यादी वाचली जात असेल, तर ते २५० वेळा उघडले की दिवसाचा कोटा संपला. ऐन सणात हे सकाळीच घडते. मग ॲप रिकामे दिसते, आणि नवा कोटा सुरू होतो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडच्या सुमारास. पैसे भरण्याची योजना घेतली तर ॲप थांबत नाही, पण बिलही थांबत नाही. खर्चमर्यादेचा इशारा लावता येतो. मात्र तो केवळ इशारा असतो, तो आल्यावर सेवा आपोआप बंद होत नाही, हे अनेकांना बिल हाती पडल्यावरच कळते. यादी एकदाच वाचून फोनमध्ये जपून ठेवणे हा साधा उपाय आहे. कंत्राट देतानाच त्याविषयी विचारणा व्हावी.

माहितीकोश उघडताना दोन निर्णय घाईत घेतले जातात. एक म्हणजे तो कोणत्या शहरात ठेवायचा. मुंबईचा पर्याय उपलब्ध आहे, पण एकदा निवडलेले ठिकाण नंतर बदलता येत नाही. दुसरा, सुरक्षेचे नियम. चाचणीची सोय म्हणून ‘टेस्ट मोड’ निवडला तर ३० दिवस कोणालाही सगळे वाचता-लिहिता येते. ही मुदत वाढवत नेण्याचा आळस पुष्कळ ठिकाणी होतो. अशा वेळी ग्राहकांचे फोन क्रमांक आणि पत्ते उघड्यावर पडतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि जबाबदारी ज्याच्यासाठी माहिती गोळा झाली त्या व्यावसायिकाची आहे, कंत्राटदाराची नव्हे.

सेवा देणारी कंपनीच निघून जाण्याचा धोकाही काल्पनिक नाही. ‘पार्स’ ही अशीच लोकप्रिय सेवा फेसबुकने २०१३ मध्ये घेतली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर केले. हजारो ॲपना वर्षभरात बिऱ्हाड हलवावे लागले. ज्यांच्या खात्याचा ताबा स्वतःकडे होता त्यांना निदान माहिती उचलून नेता आली.

ज्यांचे ॲप आधीच कंत्राटदाराच्या खात्यात आहे त्यांनाही वाट आहे. ॲपल आणि गुगल दोघेही एका खात्यातून दुसऱ्यात ॲपचे हस्तांतर करू देतात आणि तसे करताना ग्राहक व अभिप्राय कायम राहतात. त्यासाठी आधी स्वतःचे खाते उघडावे लागते. गुगलच्या बाबतीत त्या नोंदणीच्या व्यवहाराचा क्रमांकही हाताशी असावा लागतो. फायरबेसचा प्रकल्प हलवावाच लागत नाही. त्यात मालक म्हणून स्वतःचे नाव घालून बिलाचे खाते बदलले की पुरते. यातील प्रत्येक पायरीला मात्र सध्याच्या खातेदाराची संमती लागते. म्हणून शेवटचा हप्ता चुकता करण्यापूर्वीच हस्तांतर उरकून घेणे इष्ट.