पायाळू गर्भ बाहेरून फिरविणे : लाभ, धोके आणि मराठवाड्यातील वास्तव

प्रस्तावना :
जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्यास मराठीत 'पायाळू' म्हणतात. पायाळू माणसाला जमिनीतील गुप्तधन दिसते, त्याच्यावर वीज पडते, त्याचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, अशा समजुती महाराष्ट्रात रूढ आहेत. त्या खऱ्या नसल्या तरी अशा जन्माचे वेगळेपण समाजाने हेरले होते, हे त्यांवरून दिसते. सुश्रुतसंहितेतही 'मूढगर्भा'चे निदान व चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय असून, प्रसूतीच्या वेळी अडलेला गर्भ हाताने सरळ करण्याचे वर्णन तेथे येते. आधुनिक प्रसूतिशास्त्र मात्र कळा सुरू होण्यापूर्वीच, पोटावरून हात लावून, गर्भ फिरविण्याचा पर्याय देते. त्याचे लाभ व धोके तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पायाळू प्रसूतीतील धोका :
सातव्या महिन्यात सुमारे २० ते २५ टक्के गर्भांचे डोके वर असते. त्यांपैकी बहुतेक आपोआप फिरतात आणि पूर्ण दिवस भरताना हे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांवर येते. नैसर्गिक प्रसूतीत अशा गर्भाचा सर्वांत मोठा व कठीण भाग, म्हणजे डोके, शेवटी बाहेर येते. ते अडकल्यास नाळ दाबली जाऊन बाळाचा प्राणवायू तुटतो.

२००० साली 'लॅन्सेट'मध्ये २६ देशांतील २,००० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण नियोजित सिझेरियनमध्ये १.६ टक्के, तर नियोजित नैसर्गिक प्रसूतीत ५ टक्के आढळले. पुढे २००४ मध्ये त्यांतील काही मुलांच्या दोन वर्षांच्या वयापर्यंतच्या पाहणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. तोपर्यंत जगभर सिझेरियनकडे कल झुकला होता.

प्रक्रिया व लाभ :
पहिलटकरणीच्या बाबतीत ३६ व्या आठवड्यापासून व इतरांच्या बाबतीत ३७ व्या आठवड्यापासून ही प्रक्रिया करता येते. सोनोग्राफीने गर्भाची स्थिती, वारेची जागा व गर्भजल पाहिले जाते. गर्भाशय सैल करणारे औषध देऊन डॉक्टर बाळाचा कटिभाग वर उचलतात व त्यास कोलांटी घेतल्याप्रमाणे हळूहळू फिरवितात. आधी व नंतर हृदयाचे ठोके तपासतात. सुमारे निम्म्या स्त्रियांमध्ये गर्भ फिरतो. पहिलटकरणींत यशाचे प्रमाण कमी, तर पूर्वी बाळंत झालेल्यांत अधिक असते.

यातून सिझेरियन टळण्याची शक्यता वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. पहिल्या शस्त्रक्रियेचा व्रण पुढील प्रत्येक गर्भारपणात सोबत राहतो. व्रण फाटणे किंवा वार त्यात रुतून बसणे हे धोके क्वचित घडतात, परंतु ज्या गावापासून रुग्णालय दूर आहे तेथे ते जीवघेणे ठरतात.

धोके व मर्यादा :
प्रक्रियेत वेदना होतात. बाळाचे ठोके काही काळ मंदावू शकतात. वार सुटणे किंवा रक्तस्राव होणे क्वचित घडते. साधारण २०० पैकी एका स्त्रीस तातडीचे सिझेरियन करावे लागते. काही गर्भ पुन्हा उलटतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनचा विचार आवश्यक ठरतो. वार खाली असणे, नुकताच झालेला रक्तस्राव, गर्भजल फुटणे, जुळी बाळे किंवा ठोक्यांतील दोष असल्यास ही प्रक्रिया टाळतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. २०० पैकी एक हा धोका शस्त्रक्रियागृह हाताशी असेल तेव्हाच अल्प आहे. घरी पोट चोळून बाळ फिरविण्याचा प्रयत्न वरवर तसाच दिसला तरी त्यात ना वारेची जागा ठाऊक असते, ना ठोक्यांवर लक्ष असते.

मराठवाड्यातील वास्तव :
१९५६ साली स्थापन झालेले छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय 'घाटी' या नावाने परिचित आहे. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ व रक्ताची सोय अशाच ठिकाणी एकत्र मिळते. कन्नड, सिल्लोड किंवा सोयगाव तालुक्यातील स्त्रीने तेथे वेळेत पोहोचावयाचे तर गर्भाची स्थिती ३६ व्या आठवड्याच्या सुमारास कळणे अनिवार्य आहे. नेमक्या याच काळात ऊसतोडीसाठी स्थलांतर केलेल्या स्त्रीची तपासणी खंडित होते. कळा सुरू झाल्यावर निदान झाले तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.

समारोप :
गर्भ फिरविणे हा सिझेरियनला विरोध नसून त्याआधी देता येणारी एक संधी आहे. ती स्वीकारणे वा नाकारणे हा संपूर्ण माहितीनंतरचा त्या स्त्रीचा निर्णय असावा. मात्र हा निर्णय घेण्याची वेळ तिच्या हाती यावी यासाठी नवव्या महिन्यातील पोटावर हात ठेवून केलेली साधी तपासणी चुकता कामा नये. ती गावातील उपकेंद्रातही होऊ शकते. पुढील सर्व उपाय तिच्यावरच अवलंबून आहेत.