वायव्येचा भाव, ईशान्येचा अंत

लंडनच्या वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने भिंतींवरून उतरवलेल्या आपल्या जुन्या रस्त्यांच्या पाट्या लिलावात काढल्या आणि त्यांपैकी ‘ॲबी रोड’ या एका पाटीला ३७,२०० पौंड आले, ही वार्ता वाचून, याच नावाचा ॲल्बम काढणाऱ्या बीटल्सच्या चाहत्यांनी माना डोलावल्या असतील. परंतु पाट्यांच्या खऱ्या संग्राहकाला त्या आकड्याचे कौतुक वाटण्याऐवजी किंचित खेदच वाटला असेल, असा माझा कयास आहे. ज्याने तो पैका मोजला त्याने नाव विकत घेतले. पाटी त्याला वरकड मिळाली.

वास्तविक पाटी हा दस्तऐवज आहे. १९६५ साली लंडनच्या कारभाराची फेररचना होऊन पॅडिंग्टन आणि सेंट मॅरिलेबोन हे दोन स्वतंत्र बरो वेस्टमिन्स्टरमध्ये विलीन झाले, आणि या नव्या एकत्रित मुलखासाठी मिशा ब्लॅक व त्यांच्या ‘डिझाइन रिसर्च युनिट’ने १९६७ साली जी पाटी घडवली—पांढऱ्या भूमीवर युनिव्हर्स वळणाची ठळक, अरुंद, काळी अक्षरे, टपालविभाग आणि नगराचे नाव तेवढे तांबडे—ती इतकी निर्दोष ठरली की पुढे २००७ मध्ये नगरपालिकेने तिचे स्वामित्वहक्कच खरेदी केले. मला मात्र तो निर्दोषपणाच खटकतो. याउलट ज्या जुन्या पाटीवर सेंट मॅरिलेबोनचे नाव आहे, ती पाटी बरखास्त झालेल्या दरबाराच्या सनदेसारखी आहे: सत्ता गेली, शिक्का उरला. अशा पाटीचा पारखी अक्षरांआधी स्क्रूची भोके पाहतो; कारण लोखंडावर भट्टीत वितळवून बसवलेला एनॅमलचा काचेरी थर तिथेच प्रथम तडकतो, आणि त्याभोवती चढलेले गंजाचे कडे हाच त्या पाटीच्या भिंतीवरील नोकरीचा दाखला असतो.

या छंदातील माझे दैवत मात्र कोणी चित्रकार नसून ॲन्थनी ट्रोलोप हा कादंबरीकार आहे. चाळीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा हा गृहस्थ टपालखात्याचा चाकर होता, आणि ब्रिटनच्या रस्त्यांवर उभ्या असलेल्या तांबड्या पत्रपेट्यांचा आरंभ १८५२ साली चॅनल बेटांवर झाला तोही त्याच्याच शिफारशीने. टपालसुधारक रोलंड हिल यांनी लंडनचे टपाल दिशांवरून दहा विभागांत वाटले होते. ट्रोलोपने १८६६ मध्ये त्याची तपासणी करून अहवाल दिला, आणि परिणामी ‘एन.ई.’ म्हणजे ईशान्य हा विभाग पूर्वेत विलीन होऊन नाहीसा झाला; पाठोपाठ १८६८ मध्ये दक्षिणही आग्नेय आणि नैर्ऋत्य यांच्यात वाटली गेली. कादंबरीकाराने पात्रे मारावीत हे ठीक. याने दिशा मारल्या! तथापि भिंतींना हुकूम पोहोचायला वेळ लागतो: लंडनच्या हॅकनी भागात ‘एन.ई.’ अक्षरे मिरवणाऱ्या काही पाट्या आजच्या काळापर्यंत टिकून राहिल्या, आणि मधल्या काळात ती अक्षरे टपालखात्याने उत्तरेकडील न्यूकॅसलला बहाल करून टाकली. ॲबी रोड वायव्येत पडतो; त्याच्या भावाचा एक दशांशही मी त्या मृत ईशान्येसाठी आनंदाने मोजीन, अर्थात जवळ असता तर.

आपल्याकडे पाटीवरचे नाव बदलताना सभा, ठराव, मोर्चे सारे यथासांग होते. उतरवलेल्या पत्र्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. ज्या दादाभाई नौरोजींना १८९२ साली लंडनच्या फिन्सबरी मतदारसंघाने संसदेत पाठवले, त्यांच्या नावाचा एक छोटा रस्ता तिकडे आजही आहे. आणि मुंबईत त्यांचे नाव लागले ते एका इंग्रज गव्हर्नराला हटवून, म्हणजे हॉर्नबी रोडला. त्या हॉर्नबी रोडची एखादी पाटी जर कोणाच्या माळ्यावर अजून पडलेली असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तिच्या भोकांभोवतीचा गंज तेवढा घासू नये, एवढी विनंती.