नीट विचारायचे राहून जाते



लागण, खोडवा, खते-पाणी यांवर आम्ही या पानावर नेहमी लिहितो. आजचा विषय जरा निराळा आहे, पण तो आपल्या बांधापर्यंत आलेला आहे.

मागे आमच्या ओळखीचे एक सभासद गट कार्यालयाच्या ओट्यावर बराच वेळ गप्प बसून होते. "काय दादा, बरं हाय ना?" एवढे विचारून आम्ही कामाला लागलो. पुढे त्यांनी आपले जीवन संपवले. तेव्हापासून मनाला टोचणी आहे.

मनमाड जंक्शनवर गाडीची वाट बघताना एका समुपदेशक ताईंची गाठ पडली. जगणे नकोसे झालेल्या माणसांशी बोलणे, हेच त्यांचे काम. त्यांना आम्ही ही टोचणी बोलून दाखवली.

ताई म्हणाल्या, "सुरुवातीला आमचीही जीभ अडखळते. 'जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?' असं विचारलं तर नसता विचार डोक्यात घालू की काय, असं भ्या वाटतं. पण विचारल्यानं तसं होत नाही. उलट माणूस बहुधा मोकळा होतो."

"आणि तुमचं काय?" आम्ही विचारले.

"माणूस घरी जातो, पण आमच्या डोक्यातून जात नाही. एखादा हातचा गेला तर फार लागतं. म्हणून हा भार आम्ही एकट्यानं उचलत नाही. वरिष्ठांशी बोलतो, डॉक्टरांना, घरच्यांना सोबत घेतो. तुम्हीही सगळा दोष आपल्या माथी घेऊ नका. पुढच्याला मात्र नीट विचारा."

हे काम गावपातळीवर होऊ शकते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांना ऐकून घेण्याचे आणि धीर देण्याचे शिक्षण दिले गेले. आधी नैराश्याने ग्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते; दीड वर्षात ते २७ झाले. ही पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली.

तेव्हा मंडळी, शेजारी अबोल झाला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर उपदेश करू नका. जवळ बसा, स्पष्ट विचारा, ऐकून घ्या. धोका वाटला तर त्याला एकटे सोडू नका. दवाखान्यात सोबत जा. फवारणीची औषधे कुलपात ठेवा. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतही. ज्याच्या मनात असे येते त्यानेही हा फोन करावा, आणि काळजीत असलेल्या घरच्यांनीही. पोलिसांचे भय बाळगून उपचार लांबवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, तर उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

एकाचा पाट फुटला तर आपण सगळे फावडी घेऊन धावतो. माणूस खचला तरी तसेच धावू या.