बर्फाखालून गेलेले देवमासे

अलास्काच्या उत्तर टोकावरचे उत्कियागविक हे गाव 2016 पर्यंत बॅरो नावाने ओळखले जाई. तिथल्या ‘सॅटर्डे स्कूलयार्ड’ या व्याख्यानमालेत बाहेरून आलेले संशोधक, त्यात पीएचडी करणारी मुलेमुलीही, आपले काम गावापुढे मांडत आले. विद्यापीठातला तोंडी परीक्षेचा परीक्षक एक वेळ परवडला, पण हा श्रोता अवघड. शास्त्रज्ञांचे एक मोठे गणित या गावाने चुकीचे ठरवले आहे.

1977 मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने बोहेड देवमाशाच्या शिकारीवर बंदी घातली. हे मासे जेमतेम हजार-दोन हजार उरलेत, असा तेव्हा अंदाज होता. वसंतात समुद्रावरचा बर्फ फाटून पाण्याचे पट्टे उघडतात. बर्फाच्या उंचवट्यावर बसायचे आणि त्या पट्ट्यांतून जाताना दिसतील तेवढे देवमासे मोजायचे, ही पद्धत. गावातल्या इनुपियाट या मूळ रहिवासी समाजाच्या शिकाऱ्यांनी ती ऐकूनच मान हलवली. पट्टा मिटला म्हणून देवमासा थांबत नाही, तो बर्फाखालून जातो, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो. शिवाय कितीतरी मासे कडेपासून लांबून जातात, ते दिसणार कुठून?

हॅरी ब्राउअर सीनियर या जाणत्या शिकाऱ्याने हे टॉम अल्बर्ट या पशुवैद्यक संशोधकाला समजावले, आणि अल्बर्ट यांनी ते तपासण्याजोगे मानले. पुढे पाण्यात हायड्रोफोन सोडले गेले, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे देवमासे कानांना सापडले. 2001 चा अंदाज दहा हजारांच्या वर गेला, 2011 चा सतरा हजारांच्या आसपास. मधल्या काळात मासे खरोखर वाढलेही; पण सुरुवातीची तूट मुख्यतः मोजणाऱ्यांची होती. बंदी मात्र 1977 च्याच अखेरीस तुटपुंज्या कोट्यावर आली होती.

आज कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात संशोधनाला परवाना लागतो आणि तो देण्याआधी गावांचे मत विचारले जाते. हे योग्यच. पण तरुण संशोधकाची फेलोशिप तीन-चार वर्षांची, हाताशी उन्हाळे मोजके, आणि गावात बोलण्यात घालवलेला वेळ बायोडेटात कुठेच धरला जात नाही.  

असा वेळ देणारे एक संशोधक म्हणजे क्रेग जॉर्ज. ते पंचविशीत बॅरोला आले ते प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल करायला. मग ते मोजणीत शिरले आणि गावातच राहिले. त्यांची पीएचडी झाली 2009 साली, पन्नाशी उलटल्यावर. बोहेड माणसाच्या दोन आयुष्यांइतका जगतो, असे गावातले म्हातारे सांगत. शिकार झालेल्या माशांच्या अंगात रुतलेली दगडी भाल्यांची जुनी टोकेही सापडत. जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी शिकाऱ्यांच्या माशांचे डोळे मिळवून भिंगातील अॅस्पार्टिक आम्लावरून वये काढली. 1999 साली निष्कर्ष छापून आले: चार नर शंभरी ओलांडलेले, त्यातल्या एकाचे वय अंदाजे 211.